चिपा

"अप्पा, पीठ नाही ते," बोयुन म्हणाली,
आणि मी बोट मागे घेतलं.
तांदळाच्या पिठासारखंच होतं, पांढरं, बुळबुळीत.
बाटलीवर नाव : बोरॉन नायट्राइड.
त्याचा एकेक कण म्हणजे एक पत्रा,
केसाच्या जाडीत हजारो मावतील
इतका पातळ.

मी जन्मभर फरशा वाहिल्या,
जोंगसनच्या डोंगरातल्या, धगीला न तडकणाऱ्या.
घराच्या जमिनीखाली त्या रचायच्या,
चुलाण्यातला धूर त्यांच्या पोटाखालून न्यायचा
आणि पलीकडे धुरांड्यातून सोडायचा,
दमलेला, कोमट.
आता कोण रचतं? नळ्या गाडतात, गरम पाणी फिरतं.
गेल्या साली एकच काम आलं, तेही संग्रहालयाचं.

ती देजॉनला असते. तिचं काम उलटं.
तिला ऊब राखायची नाही, हाकलायची आहे.
यंत्रांच्या पोटात चिपा तापतात
(तिच्या चिपा वेगळ्या, माझ्या वेगळ्या),
त्यांच्याखाली राळ.
राळ विजेला अडवते, हे बरं.
उबेलाही अडवते, हे वाईट.
म्हणून राळेत हे पीठ.

"मग टाक की भरपूर!"
ती हसली नाही.
टाकलं, म्हणाली. निम्म्याला निम्मं.
कणकेसारखा गोळा झाला, आत बुडबुडे,
पत्रे एकमेकांना चिकटून ढेकळं झाली,
आकडा जेमतेम हलला.
"पत्र्यावर ऊब धावते, अप्पा, पण कडेला आली की थबकते.
ऊब म्हणजे थरथर. पत्र्याची कडक, जलद.
राळेची सैल.
एकीचं दुसरीला कळत नाही.
कण जितका बारीक तितक्या कडा जास्त,
जितक्या कडा तितके जकातनाके."

माझं आणि तुझ्या आईचं असंच,
म्हणणार होतो. गप्प बसलो.

रात्री मात्र दोन पेल्यांनंतर बोलून गेलो.
नुसत्या मोठ्या फरशांनी घर तापत नाही, पोरी.
दोन फरशांत फट राहतेच.
फटीत चिपा ठोकायच्या, आडव्या, उभ्या,
हाताला येईल ती, आणि वरून माती.
आमचा उस्ताद हे काम पोरांवर सोडायचा,
चुकलं की हातोडीचा दांडा पाठीत.
चिपेला कोणी दगड म्हणत नाही,
पण ती नसली की घरभर धूर.

"तुम्हाला धूर अडवायचा असतो," ती म्हणाली,
"मला ऊब पुढे न्यायची असते. तुलना चुकते."
चुकते, मी म्हटलं.
सकाळी तिच्या वहीत चौकोन दिसले
आणि चौकोनांच्या मधे ठिपके.

ऑक्टोबरात फोन आला.
मोठे पत्रे, त्यांच्यामधे बारीक कण,
दाबून आडवे निजवलेले. सहा चकत्या.
पाच तशाच मठ्ठ.
सहावीत ऊब पत्र्यावरून कणावर, कणावरून पत्र्यावर
पळत सुटली, साध्या राळेच्या वीसपट.
"बापाच्या चिपा सांगितल्यास का प्राध्यापक ग्वाकना?"
"हे आधीच लिहून ठेवलंय, अप्पा. पुष्कळांनी."
"बरं. मग सहावीच का?"
"तेच कळत नाही. आणि धावते ती आडवी.
मला हवी आहे उभी, खालून वर."

पाचांपैकी एकही नको, म्हटलं, सहावीचा तुकडा पाठव.
कागदात गुंडाळून आला, नखाएवढा.

चुलीजवळची जागा अजून तपकिरी आहे,
जमिनीचा कागद तिथे करपलेला.
रात्रपाळीहून येणाऱ्या तिच्या आईसाठी
भाताची वाटी मी तिथेच गोधडीखाली ठेवायचो.
तिथे बसलो. तुकडा एका कडेने चिमटीत धरला,
दुसरी कड बर्फाच्या खड्याला टेकवली.

आधी बोटं गारठली.
मग बर्फात खाच पडली, बारीक,
करवतीने घ्यावी तशी.