माशाचे डोळे

ओघळ कळतात.
गन एका जागी रेंगाळली की रंग रडतो,
एवढं पहिल्याच शनिवारी कळलं.
संत्र्याची साल कळते:
रंग दाट, दाब कमी; पातळ कर, पुन्हा मार.
धुक्याच्या दिवशी हिरव्यावर दुधी झाक धरते,
तीही कळते. लेम्स्टरला नोव्हेंबरात
कपडे वाळत नाहीत, रंगाचं काय घेऊन बसलात.

पण हे डोळे.
बेडफर्ड लॉरीच्या डाव्या दारावर, ओल्या रंगात
मोहरीएवढे खळगे उघडतात
आणि तळातून तांबडा प्रायमर टकमक बघतो.
आयव्हर प्रोबर्ट त्यांना माशाचे डोळे म्हणतो.
तो लॉरीहून पाच वर्षांनी लहान.
"तेल," तो म्हणाला. "कुठून तरी तेल येतंय."

मग चोर शोधणं आलं.
कॉम्प्रेसरचा फिल्टर उघडला: कोरडा ठणठणीत.
नळी बदलली.
शेजारच्या पोराला सायकलच्या साखळीवर
फवारा मारायची बंदी केली.
मांजराला हाकललं.
दार घासलं, स्पिरिटने पुसलं, रंगवलं.
डोळे.
घासलं, पुसलं, रंगवलं.
डोळे, आता अकरा.

मी वृद्धाश्रमात कामाला आहे.
दिवसातून चाळीसदा हात धुते, कातडी फाटते,
म्हणून इथे येताना गाडीत
बोटाबोटांना क्रीम चोळते.
आणि पुसायचं फडकं
पाचही शनिवार माझ्याच हातात.
ट्यूबच्या पाठीवरचं बारीक अक्षर
आयव्हरने भिंगातून वाचलं
आणि इतका हसला की कवळी सावरावी लागली.
"हेम! सिलिकॉन!"
काखेत कळसा.
हे त्याला इंग्रजीत सांगायला गेले
तर कळशीतच अडकले.

दार पुन्हा पत्र्यापर्यंत न्यायचं ठरलं.
कडीजवळ वरचे थर आपणहून सुटले, पोपड्यासारखे:
हिरवा, खाली वाळूसारखा पिवळा, खाली परत हिरवा,
आणि त्या सगळ्यांत जुन्या हिरव्यात
एक अंगठा.
रेषांसकट.
रंग ओला असताना कुणीतरी दार धरलं होतं.
वाळलाय का ते बघायला,
की कुणी हाक मारली म्हणून,
की उगाच.
त्या हाताला ग्रीस असणार, घाम असणार,
त्यालाही मुकादम ओरडला असेल.

आयव्हरच्या हातात पॉलिशपेपर होता.
तो त्याने बराच वेळ तसाच धरला,
मग खिशात घातला,
आणि त्या जागेवर चिकटपट्टीचा चौकोन लावला,
चार बोटं रुंद.
बोलला काहीच नाही. रेडिओवर कुठलीशी मॅच चालू होती.

उरलेलं दार मी हातमोजे घालून मारलं.
गन सरळ, वीतभर अंतरावर,
थांबायचं नाही, धावायचं नाही.
एकही डोळा नाही.
आम्ही दोघं खुर्च्या ओढून समोर बसलो,
चहा गार होईपर्यंत.

मग तो म्हणाला,
"जरा जास्तच चकाकतंय.
लष्कराला चमक चालत नाही, विमानातून दिसते."

पुढच्या शनिवारी मॅट.