वीत आणि चार बोटं

रात्री तीनशे मीटर मोजले पोलादी टेपने.
सहा अंश. थंडीत पोलादही अंग चोरतं,
पाच सेंटिमीटर त्याचे त्याला परत दिले.
मग त्याच रेघेवरून सायकल, चार वेळा;
चाक किती खोटं बोलतं ते आधी कळायला हवं.

आता पहाटेचे साडेतीन, वाल्दिव्हिया,
पुढच्या चाकाशी आकडे टकटकतात.
कडेच्या दगडापासून वीत आणि चार बोटं सोडून
मी चालवतेय,
सगळ्यात लबाड धावपटू जिथून पळेल तिथून.
मोजणाऱ्याने लबाडाच्या डोक्याने जायचं,
आणि हजारामागे एक मीटर वर द्यायचा,
मासेवाली वाट्यावर एक मासा टाकते तसा.

मागे पोलिसांची गाडी, निळा दिवा.
स्टिअरिंगवर सार्जंट एलेउतेरियो वेन्चुमान, वय एक्कावन्न.
एकोणीस वर्षांपूर्वी हाच रस्ता, अर्ध मॅरेथॉन,
एक तास, तीन मिनिटं, चाळीस सेकंद.
जुना विक्रम चार सेकंदांनी मोडला होता.

गेल्या वर्षी तो मार्ग मीच पुन्हा मोजला.
अडतीस मीटर कमी.
त्याच्या वेगाने, सात सेकंद.
कागदावर सही माझी. त्याला माहीत आहे.
तरी थर्मासमधली अर्धी कॉफी त्याने मला दिली.

मासळीबाजाराशी नदीतून वर आलेला समुद्रसिंह
बरोबर माझ्या रेघेवर झोपलेला,
तीनशे किलोचा, घोरत.
ब्रेक दाबून उभी राहिले, चाक सूतभरही हलू द्यायचं नाही.
वेन्चुमानने भोंगा वाजवला.
प्राण्याने एक डोळा उघडला. मिटला.

मग सार्जंट उतरला.
"कुठे होते?"
"काय?"
"अडतीस."

मी पुलाखालच्या वळणाकडे बोट केलं.
कठडे आतल्या अंगाला लावले होते त्या वर्षी,
कुणीतरी, झोपेत, किंवा घरी जायच्या घाईत.

तो गेला. ओल्या फरशीवर बूट वाजत राहिले.
मोजत होता का कोण जाणे, ओठ दिसत नव्हते.
दिव्याच्या खांबापाशी थांबला,
आणि परत येताना धावला,
जेवढं एक्कावन्नाव्या वर्षी, पट्ट्यातलं पिस्तूल
हाताने दाबून धरत.

पोहोचला तेव्हा त्याने मनगटाकडे पाहिलं.
मी आकड्यांकडे.

समुद्रसिंहाने कूस बदलली, रेघ निम्मी मोकळी झाली.
"चला," मी म्हटलं,
"ऊन आलं की टायर फुगतो."