राहा

सूर. गावाचं नाव आहे, गाण्यातला नव्हे.
ओमानच्या पार टोकाला, शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत
सोमवारी आणि बुधवारी, मगरिबची नमाज झाली की
खुंट्यांवर अबाये लटकतात, त्यांच्यात माझी एक ओढणी.
खाली शिलाईयंत्र चालू असतं.
त्याच्या तालावर श्वास घेऊ नका, जुवैना बजावते.
आम्ही घेतोच.

आई फोनवर हसली होती:
भुसावळची पोर योग शिकायला अरबस्तानात?
उलटी गंगाच की गं.
मी म्हटलं, इथे गंगा नाही, खाडी आहे,
आणि तिचं पाणी रोज दोनदा उलटं येतं.

अकरा वर्षं मी इथे दुसऱ्यांचं रक्त गाळते.
चार तास, एक यंत्र, एक खुर्ची.
नळीतून बाहेर गेलेलं माणूस
नळीतूनच परत येतं, आणि खजूर मागतं,
जो त्याला द्यायचा नसतो.
माझंच कुठे काय अडकलं होतं कोण जाणे.
डावा खांदा वर, कानाला टेकायला निघालेला,
जणू अकरा वर्षं फोन तिथेच धरून ठेवलाय.

जुवैनाने पहिल्या दिवशी तो बोटाने खाली दाबला
आणि मराठीत म्हणाली, चक्क साताऱ्याकडच्या मराठीत:
"आगं, ढिला सोड की. कुनाचं वझं वाहतीस?"

मी मांडी घालून बसले होते, तीही धड नाही.
शमसा, साठीची, जन्मभर जमिनीवर बसून जेवलेली,
माझे अधांतरी गुडघे बघून हसली.
वाटलं, आता रडू येणार.
शिंक आली.

जुवैना चार वर्षं वाईला होती.
बापाने शेवटचं गलबत विकलं, त्यातल्या तिच्या वाट्यावर.
घाटाजवळ खोली, पहाटेची गार फरशी.
गुरुजींनी सहा महिने नुसतं उभं राहायला शिकवलं.
"मला वाटलं, हे मला हाकलतायत."
थंडीत तिने होते नव्हते ते कपडे एकावर एक घातले.
तिला एकादशी कळली, गल्लीला तिचा रोजा.
भाकरी थापता आली, पुरण कधीच जमलं नाही.
नळावर बायका विचारायच्या, लगीन कवा?
ती म्हणायची, शीर्षासन झालं की.

पहिल्या दिवसाची गोष्ट ती प्रत्येक नव्या बाईला सांगते
आणि आम्ही जुन्या पुन्हा ऐकतो:
तीन दिवसांचा प्रवास. दारात घरमालकीण गजराबाई.
खोली मिळेल का, हे हातवारे करून विचारलं.
बाईंनी तिला नखशिखांत पाहिलं
आणि एकच शब्द बोलल्या: राहा.
अरबीत राहा म्हणजे विसावा.
इतकी दमले होते, जुवैना सांगते,
की पिशवी उशाला घेतली
आणि ओसरीवरच आडवी झाले.
गजराबाई तांब्या घेऊन धावल्या, बया मेली का काय!

तास संपताना ती दिवा मालवते.
शवासन हा शब्द ती इथे उच्चारत नाही.
शमसाचा नवरा समुद्रात गेला, वीस वर्षं झाली,
शव मिळालं नाही.
जुवैना फक्त म्हणते, राहा.
अंधारात एकेक बाई सैल पडते,
कुणाच्या बांगड्या शेवटच्या वाजून थांबतात.

माझा करार मार्चमध्ये संपतोय.
नवा कागद फ्रिजवर, चुंबकाखाली, सहीवाचून.
आई म्हणते, ये आता. डॉक्टर म्हणतात, लवकर कळव.
आणि ही अंधारात, माझ्या उशापाशी थबकून,
पुन्हा एकदा, हळू: राहा.

कुठल्या भाषेत म्हणालीस, हे मी विचारलेलं नाही.
खाली यंत्र थांबलंय. एसीचं पाणी बादलीत टपटपतं.
डावा खांदा अजून फरशीला टेकत नाही,
मध्ये दोन बोटं हवा आहे.
ती खुंटीवरची माझीच ओढणी काढते,
चौपदरी घडी करते
आणि त्या फटीत सरकवते.