अठरा पावलं

विट्याच्या एसटी स्टँडसमोर, रसाच्या गाड्याला लागून
माझं दुकान, चार बाय सहा.
रस्त्यापलीकडे इलाही तांबोळीचं.
दोघांच्या पाटीवर एकच मजकूर:
गाणी, पिच्चर, व्हिडिओ भरून मिळतील.

चार जीबीचे मी चाळीस घ्यायचो.
त्याने तीस लावले.
मी पंचवीस.
तो वीस, वर चहा.
बाजारात शेळ्यांचा सौदा रुमालाखाली होतो,
आम्ही तो भर रस्त्यात ओरडून करत होतो.
दिवाळीला आलेली गलाईवाली पोरं
हातात कार्ड धरून मधोमध उभी राहायची,
एक कान इकडे, एक तिकडे.

त्यांना परत जायचं असायचं, सेलमला, कोचीनला,
कुणाला पार दिब्रुगडला, सोनं गाळायला.
भट्टीपाशी वर्षभर पुरतील एवढी गाणी
नखाएवढ्या तुकड्यात मावायला हवी होती.

चोरीचंच होतं सगळं, नाही कशाला म्हणू.
रात्री दोनला नेट जरा पळायचं
तेव्हा उतरवून ठेवायचो,
आणि नव्व्याण्णव टक्क्यांवर लाईट जायची.
इलाहीकडे इन्व्हर्टर होता.
ते मला जास्त लागायचं.

मग त्याने नवीनच काढलं.
प्रत्येक गाण्याआधी स्वतःचा आवाज चिकटवला:
"तांबोळी मोबाईल, विटा, स्टँडसमोर."
मी त्याचाच माल उचलायचो,
आवाज कापून विकायचो.
एकदा घाईत कापायचं राहिलं.
माझं गिऱ्हाईक कोचीनला वर्षभर
माझ्याच कार्डावर इलाहीची जाहिरात ऐकत बसलं.
त्यानंतर आमचं बोलणं बंद.

पुढे नेट स्वस्त झालं.
भांडण आमच्या हातातून गेलं, वर कुठंतरी,
जिथं दुकानं नसतात आणि चहाही नसतो.
ही कंपनी तीन महिने फुकट,
ती सहा महिने,
मग हिने तिला गिळलं,
आणि पोरांनी वर्षभर जमवलेली यादी
सकाळी उठून बघावं तर राखाडी पडलेली.
कुणाशी तक्रार करायची?
निदान मला तोंडावर शिव्या देता यायच्या.

आता मी रिचार्ज मारतो, लाईटबिलं भरतो.
इलाहीने अर्ध्या दुकानात चष्म्याच्या फ्रेमा लावल्यात.

परवा सेलमहून फोन आला.
लेंगऱ्याचा धोंडीराम मेटकरी.
"आप्पांचा ढोल पाहिजे होता. खरसुंडीच्या जत्रेतला.
तुमच्याकडनंच भरलेला, बघा.
कार्ड भट्टीजवळ ठेवलं होतं, वितळलं.
आप्पा गेले श्रावणात.
तीन ॲप धुंडाळली. ढोल शंभर निघाले,
आप्पांचा एक नाही."

माझी हार्डडिस्क गेल्या वर्षीच भंगारात गेली,
किलोवर.

रस्ता ओलांडला.
अठरा पावलं निघाली.
अकरा वर्षांत कधी मोजली नव्हती.

इलाहीने काही विचारलं नाही.
काउंटरखालून बिस्किटाचा डबा काढला,
त्यातून वायर, वायरीतून डिस्क.
फोल्डरचं नाव: इतर.
आत कुणाची वरात,
बेंदराला उधळलेला बैल,
एक बाळ नुसतंच हसतंय,
कीर्तनाचा अर्धा तुकडा,
आणि तळाशी ढोल.

आधी त्याचाच आवाज, बावीस वर्षांचा:
"तांबोळी मोबाईल, विटा, स्टँडसमोर."
मग गर्दीत कुणीतरी, "आरं, मागं सर की."
मग थाप.

"कापू का पुढचं माझं?" त्याने विचारलं,
नजर स्क्रीनवरून न काढता.
"राहू दे."
"वीस झाले."
"पंधरा."
"वीस. आणि चहा आज तू सांग."

पाठवायला लावलं.
गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं,
नव्व्याण्णववर येऊन थांबलं.
आम्ही दोघांनीही, सवयीने,
वर ट्यूबलाईटकडे पाहिलं.