दोन बोटं

बालेवाडीला पोचलो तेव्हा पार्किंगवाला म्हणाला,
"मॅच नुसती दाखवायचीच आहे, सावकाश जा."
तरी आम्ही पळालो.
गेटवर डबा काढून घेतला,
पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा ठेवून घेतलं.
बिनझाकणाची बाटली आता तीन तास
मांडीत धरून बसायची, तान्ह्या पोरासारखी.

खाली निळं कोर्ट, इस्त्री केल्यासारखं.
दोघेही पन्नाशीकडे झुकलेले,
एकाच्या गुडघ्याला पट्टी,
आणि निवेदक दर दोन मिनिटांनी टाळ्या मागणारा.
पायांमधून फटका. हशा.
बॉलबॉयच्या हातात रॅकेट देऊन
स्वतः टॉवेल धरून उभा राहिला,
मागच्या रांगेतली बाई रडेपर्यंत हसली.
गल्लीत आपण ज्याला कच्चं लिंबू म्हणायचो
तसा हा अख्खा सामना:
आउट झाला तरी आउट नाही,
कुठल्याच वहीत जायचा नाही.

माझ्या शेजारी शितोळे.
बत्तीस वर्षं क्लबात मार्कर.
पहाटे रोलर, मग पाणी,
मग दोरी ताणून चुन्याची रेघ.
सगळ्यांच्या माना डावीकडे, उजवीकडे,
यांची एकट्याची सरळ.
"बॉल काय बघायचा," म्हणाले, "बॉल येतो नि जातो."
ते रेघ बघत होते.
रंगवलेली रेघ, पावलाने पुसत नाही,
रोज पहाटे कुणाची वाट बघत नाही.
याचं त्यांना कौतुक होतं की वाईट वाटत होतं,
चेहऱ्यावरून कळेना.

मग दुसऱ्या सेटमध्ये, चार-चार असताना बहुतेक
(मी भेळेचा विचार करत होतो)
पट्टीवाला पळाला.
म्हणजे खरंच पळाला.
साधा ड्रॉप होता, सोडून दिला असता
तर कुणी काही म्हणालं नसतं.
पण कुठली तरी जुनी दुपार पायात शिरली,
बूट किंचाळला, हात लांबला,
रॅकेटच्या टोकाला चेंडू लागला
आणि हा आडवा, गाल निळ्या रंगावर.

निवेदकाला शब्द सापडेना.
बायपासवरचा हॉर्न ऐकू आला.
चेंडू पलीकडे, रेघेच्या आसपास टेकून
निमूट भिंतीकडे गेला.

समोरचा ओरडला, "आत! आत होता! तुझा पॉइंट!"
टाळ्याच टाळ्या.
पडलेला माणूस पडल्या पडल्या
मान हलवत होता: नाही, नाही.
आणि कुणी विचारलेलं नसताना
शितोळ्यांचा हात खांद्यातून सरळ बाजूला गेला,
माझ्या नाकासमोरून.
"बाहेर. दोन बोटं."
इतकं हळू, की मी ऐकलं आणि बाटलीनं.

घरी विचारलं, कोण जिंकलं?
मला आठवेना.
आठवत होते ते बसमधले शितोळे,
खिडकीशी बसून गुडघ्यावर नखाने
एक रेघ ओढणारे,
आणि रेघेपासून नीट मोजून
एक ठिपका.