मापाची वही

अंगावरचा गुलाल निघाला तिसऱ्या दिवशी,
मशीनच्या दातांमधून मात्र अजून निघतोय.
परवा एका पांढऱ्या परकराला लागला.
म्हटलं, धुतल्यावर जाईल.
गेला नाही.

दोनशे अकरा मतं जास्त.
म्हणजे आमच्या सोसायटीच्या दोन इमारती,
त्यातही वरचा मजला सोडून.

पहाटे सव्वापाचला फोन:
"मॅडम, पाणी आलं नाही."
माझ्याही नळाला नव्हतं.
तसं सांगितलं, तर पलीकडचा माणूस गप्प झाला
फसवला गेल्यासारखा.

क्षेत्रीय कार्यालयात उंडे साहेब मला बघून उठून उभे राहिले.
गेल्या वर्षी याच टेबलापुढे
दीड तास उभी होते मी, दुकानाच्या पाटीच्या परवान्यासाठी.
त्यांना ते आठवत नव्हतं.
मला खुर्चीचा हातसुद्धा आठवत होता, सुतळीने बांधलेला.
"बघतो मॅडम," म्हणाले.
तेव्हाही हेच म्हणाले होते,
मॅडम सोडून.

मुख्य सभेत प्रत्येकापुढे माईक,
बटण दाबलं की लाल दिवा.
सगळे दिवे एकदमच लागले होते.
मी हात मांडीवर ठेवून
समोरच्या पडद्याची उसवलेली कड बघत बसले.
चार टाके. दहा मिनिटांचं काम.
"त्यालाही निविदा लागते," शेजारचे म्हणाले,
चेष्टेत की खरंच, ते अजून कळत नाही मला.

मंडळाच्या पोरांनी धनकवडीच्या बसथांब्यावर फ्लेक्स लावला,
हात जोडलेली मी, थेट पीएमपीच्या वेळापत्रकावर.
पहिली लेखी तक्रार आली ती त्याचीच.
निवृत्त पोस्टमास्तर सावळेकर, वळणदार अक्षर,
पोच हवी म्हणून दोन प्रती:
"आपल्यामुळे बस दिसत नाही."
स्टूल घेऊन गेले. कात्रीही माझीच.
सुतळी कापली तसा माझाच चेहरा माझ्या अंगावर कोसळला,
आठ बाय दहा.
आता तो कोपऱ्यावरच्या भाजीवालीची ताडपत्री झालाय,
चेहऱ्याची बाजू खाली. मीच सांगितलं तसं.

तक्रारींना वेगळी वही आणायची राहून गेली,
मापाच्याच वहीत उलटीकडून सुरुवात केली.
पुढून: छाती छत्तीस, बाही सात, गळा मागे खोल.
मागून: गल्ली नंबर नऊ, चेंबरचं झाकण.
गतिरोधक हवा. गतिरोधक नको,
त्याच इमारतीतून, दुसरा मजला.
दोन्हीकडची पानं एकमेकांकडे सरकताहेत.

आज संध्याकाळी मंदाकिनीताई आल्या.
दोनशे अकराने हरलेल्या.
त्यांचा ब्लाउज पडून होता माझ्याकडे, मोरपंखी, काठाचा,
मिरवणुकीसाठी शिवायला टाकलेला,
तेव्हा माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.
घालून बघितला. सैल झाला होता.
"अर्धा इंच घे दोन्हीकडून," म्हणाल्या.

मी टीप मारत होते, त्या आरशाकडे बघत बोलत होत्या:
"पाण्यासाठी साहेबाला फोन नको करू.
व्हॉल्व्हवरच्या खुटवडला कर.
मंगळवारी त्याच्या आईचं डायलिसिस असतं,
त्या दिवशी चिडू नको त्याच्यावर.
आणि नऊ नंबरचं झाकण चोरीला जात नाही गं,
कचऱ्याची गाडी वळताना मोडतं.
दहा वर्षांत मला गाडी बदलता आली नाही.
तू वळण बदलून बघ."

पायडलवरचा पाय थांबवला,
वही उलटी केली, लिहून घेतलं.
शिलाईचे पैसे त्यांनी मोजून दिले,
मी नको म्हटलं नाही.

दारात चपला घालताना वळल्या.
"आतलं कापड कापलं नाहीस ना?
राहू दे तसंच.
माणूस पुन्हा भरतो."

उद्या मंगळवार.
गजर पाचचा लावलाय.