मूळ निर्णय कायम

अंबडच्या कारखान्यात दिवसभर
मी शाफ्टचे व्यास मोजतो.
तिथे शतांश मिलिमीटरलाही रकाना आहे,
थोडं अधिक, थोडं उणं चालतं,
आणि किती चालतं ते ड्रॉइंगवर छापलेलं असतं.

संध्याकाळी कपडे बदलून, शिट्टी अडकवून
आडगावच्या मैदानावर येतो
तर रेषेला असलं काही नसतं.
बोट टेकलं, नाहीतर नाही टेकलं.
डोळे माझेच, छप्पन्न वर्षांचे,
डाव्यातला मोतीबिंदू मागच्या दिवाळीत काढलेला.

म्हणून यंदा मंडळाने जुनेदला बोलावलं.
एरवी तो लग्नं शूट करतो,
हळद, वरात, नवरीचे पाणावलेले डोळे.
मध्यरेषेच्या दोन्ही टोकांना त्याने तिपाया रोवल्या,
टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपवर छत्री,
आणि मला म्हणाला, सर, आता टेन्शन घेऊ नका,
माशी बसली तरी दिसेल.

खरंच दिसायचं.
उपांत्य फेरीत मी बाद दिलेला पिंपळगावचा पोरगा
त्याने परत आत आणला.
टाच आणि रेषेच्या मधे
मातीची एक बारीक पट्टी, नखाएवढी.
मी हात फिरवून निर्णय बदलला.
लोकांनी टाळ्या वाजवल्या, मला की लॅपटॉपला कोण जाणे.
वाईट वाटलं नाही.
उलट पाठीवरचं गव्हाचं पोतं
कुणीतरी क्षणभर धरल्यासारखं झालं.

मग अंतिम सामना. शेवटची चढाई.
निवृत्ती थेट्याचा चेला, सायखेड्याचा, काटक.
तिघांनी कंबर धरली, चौथा पायाशी,
आणि तो सरपटत, फरफटत, हात लांब करून
रेषेकडे.
मी वाकलो होतो त्याच्या तोंडाशी.
कबड्डी कबड्डी कबड्ड
आणि मग नुसता श्वास.
मग बोट.
मी शिट्टी मारली. दम तुटला. बाद.

थेटे उठला, दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढला.
रिव्ह्यू.

जुनेदने चित्र हळू केलं, आणखी हळू.
बोट रेषेवर. स्वच्छ. फक्की नखात शिरलेली दिसत होती.
पुन्हा मागे. ओठ हलताहेत.
ओठ हलताहेत म्हणजे काय?
आवाज मोठा कर, मी म्हणालो.
त्याने केला.
जनरेटर. शिट्ट्या. भोंग्यावरून
एमएच पंधरा, पांढरी गाडी, रस्त्यातून काढा.
आणखी मोठा कर.
पांढरी गाडी, रस्त्यातून काढा.

सगळे माझ्याकडे बघत होते.
थेटेही.

ओझरला, नव्याण्णव साली,
याच माणसाला मी असंच बाद दिलं होतं.
जिल्हा निवड होती. तो बावीसचा, मी एकतीसचा,
तेव्हाही भोंगा होता.
तो काहीच बोलला नाही, गुडघ्याची माती झटकून निघून गेला,
पुढे एचएएलच्या गेटबाहेर पंक्चरचं दुकान टाकलं.
मी त्या रात्री घरी येऊन जेवलो,
आणि मग कितीतरी रात्री
अंधारात त्याचा दम मोजत राहिलो.
कधी तुटतो, कधी तुटत नाही.

मूळ निर्णय कायम, मी म्हणालो.
आवाज जरा चिरकला.

बक्षीस समारंभानंतर थेटे चहा घेऊन आला,
एक माझ्या हातात दिला, एक स्वतः.
बराच वेळ लॅपटॉपवरची छत्री मिटताना बघत होता.
पुढच्या वर्षी पोरांच्या गळ्याला माइक लावा, सर,
म्हणाला.
बघू, मी म्हणालो.

विचारायचं होतं.
ओझरचं जगात एकाच माणसाला ठाऊक आहे
आणि तो माझ्यासमोर उभा राहून
चहावरची साय बोटाने बाजूला करत होता.

सकाळी पहिली पाळी होती.
पाचव्या शाफ्टला व्हर्नियर लावला,
आकडा वाचला,
पुन्हा वाचला.